तिसरी हाक

कोलशेतची आमची इमारत रंगाच्या एका जुन्या कंपनीच्या जागेवर उभी आहे. कंपनी बंद पडली, चार-पाच वर्षांत तिथे बिल्डिंगी आल्या, आणि मी निवृत्त झाल्यावर डोंबिवलीची खोली विकून इथे आलो. पावसाळ्यात आवारातल्या डबक्यांवर अजून जांभळट साय धरते.

गोमाजी आमचा वॉचमन. खाडीकाठचा कोळी. कंपनी येण्याआधी या जागेवर त्याच्या बापाची जाळी वाळत. पुढे इथेच तो बॉयलरवर लागला, आणि आता इथेच खुर्ची टाकून बसायचा.

त्याच्याबद्दल तक्रार एकच होती. संध्याकाळी हाक मारली तर तो ओ देत नसे. समोर असला तरी मान वळवायचा नाही. तिसऱ्यांदा मारली की मात्र लगेच उठायचा. तोवर पंप लावायला उशीर व्हायचा. सेक्रेटरी सुधीर पेंडसे म्हणत, त्याला कमी ऐकू येतं. तळमजल्यावरच्या हेमाताई म्हणत, कमी कसलं, माज आहे. शेवटी कमिटीने सांगितलं, पहिल्या हाकेला उठायचं, नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. खाडीत मासळी उरली नव्हती. घरी तो आणि बायको शेवंती, दोघं या पगारावरच होती.

मी बिचकतच त्याला कारण विचारलं.

"दिवस मावळला की आम्ही पहिल्या हाकेला ओ देत नाय, साहेब," तो म्हणाला. "दुसरीला पण नाय. पाण्यातल्याला दोनदाच हाक मारता येते. तिसरी माणसाची."

कंपनीतही हीच रीत होती म्हणे. बाहेरून आलेले फोरमन आधी हसले, मग तेही तीनदा हाक मारू लागले.

आता इथे कोण पाण्यातलं येतंय, असं मी हसत म्हणालो. त्याने हनुवटीने मागची भिंत दाखवली. तिथे बॉयलर होता, आता सायकली लावतात.

"रोज. दोनदा."

"आवाज कोणाचा?"

त्याने जरा विचार केला. "कंपनीतल्या सगळ्यांचा थोडा थोडा."

दोन दिवसांनी दिवेलागणीला आम्ही चौघं-पाच जण खाली उभे होतो. मागच्या भिंतीकडून हाक आली, "गोमाजी." मीही ऐकली. पेंडशांना वाटलं हेमाताईच; पण त्या तर माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"अरे, ऐकू आलं ना?" पेंडसे म्हणाले. "आज तरी?"

गोमाजीने आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "ओ," आणि सायकलींकडे गेला. परत आला तेव्हा चेहरा अगदी शांत होता. कोणी नव्हतं, म्हणाला.

तेव्हापासून तो पहिल्या हाकेला उठतो. कमिटी खूश आहे.

परवा शेवंती त्याचा डबा घेऊन आली आणि माझ्याच दारात ठेवून परत निघाली. तो खालीच बसलाय, त्याच्याच हातात दे की, मी म्हणालो. ती जिन्यात थांबली.

"घरी मी हाक मारते, दादा. ते समोर जेवत असतात," ती हळूच म्हणाली. "आणि ओ मागच्या दारातून येते. खाडीकडून."