धाऊदादांनी रंगवलेली खोली

काम घेतलं की धाऊदादा पहिल्या दिवशी कुंचा आणतच नसत. रिकाम्या हातांनी येत, खोलीत भिंतीला टेकून तासभर बसत आणि निघून जात. सापगावचे हे रंगारी शहापुरात त्यासाठी थोडे विक्षिप्तच समजले जात.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी शहापूरच्या शाळेत मास्तर होतो. भाड्याची एकच खोली, एकच खिडकी, चूलही तिथंच. गावाहून आईला नुकतंच आणलं होतं. धुराचे डाग दिसू नयेत म्हणून मला भिंती गडद हिरव्या हव्या होत्या. धाऊदादांनी वाद घातला नाही. त्यांनी एक भिंत हिरवी केली, समोरची चुन्यात पिवडीचा चिमूटभर पिवळा रंग घालून फिकट केली आणि दोन दिवस राहून बघा म्हणाले. मला हिरवीच आवडली.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा येऊन बसले. आई तांदूळ निवडत होती. थोड्या वेळानं त्यांनी मला अंगणात नेलं.

"मास्तर, आयला दिसत नाय. हिरव्या भितीकडनं चाचपत जाते, फिकटीकडनं नीट चालते. सूप पन तिकडंच घेऊन बसते, बघा."

मला रागच आला. माझ्या आईचं हा परका माणूस मला सांगणार? तरी आत जाऊन विचारलं. आईनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "वर्ष झालं. तुझी नवी नोकरी, म्हणून बोलले नाही."

ठाण्याच्या डॉक्टरांनी एक डोळा गेल्याचं सांगितलं. दुसऱ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आम्ही परतलो तेव्हा खोली सगळी फिकट झाली होती. हिरवा रंग फक्त दाराच्या चौकटीला आणि फळीच्या कडेला होता. "जितं हात धरायचा, तितंच गडद," धाऊदादा म्हणाले.

पुढं माझी मुरबाडला बदली झाली आणि त्याच वर्षी धाऊदादा गेले. त्यांचे आभार मी धडपणे कधी मानलेच नाहीत. शहापूर सोडण्याआधीच ते आईनं मानले होते. जाड भिंगांचा चष्मा आला त्या दुपारी तिनं त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं.

"बसा भाऊ," ती म्हणाली, "आजवर नुसता आवाज ओळखत होते. आज बघू द्या."

धाऊदादांनी टोपी काढली, खिडकीकडे तोंड केलं आणि तिचं बघून होईपर्यंत ते हलले नाहीत.