चित्राची खिडकी बंद केल्यावर

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर त्यानं चुका पोटात घालाव्यात.

लातूरला आमचे हे लग्नांचं शूटिंग करायचे. कॅसेटी मागं पडून सीडी आली तेव्हा यांनी नांदेडहून एक जुना कॉम्प्युटर आणला. पैसे माझ्या कंधारच्या दादाचे. देताना तो एवढंच म्हणाला, "पोरीला दहावीनंतर तुमच्या लातुरात क्लास लावायचा हाय. फी भरायच्या टायमाला दे, म्हंजे झालं." पोरगी दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. क्लासवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती. आमच्याकडं पैसे नव्हते.

तेवढ्यात एक म्हातारे मामा पत्र्याची पेटी घेऊन आले. त्यांचं गाव भूकंपात गेलेलं. पेटी ढिगाऱ्यातून निघालेली, आत गावातल्या लग्नांच्या कॅसेटी. नव्या वसाहतीत त्यांनी घरटी वर्गणी काढली होती.

"महिनाअखेरीच्या आत सगळ्याच्या सीड्या पायजेत," मामा म्हणाले. "पैसे रोख."

कॅसेटवरचं चित्र कॉम्प्युटरात उतरवायचं काम हे सकाळी करायचे. मग त्याची सीडीवर मावेल अशी फाईल करायला मशीन लावून ते शूटिंगला जायचे आणि राखण माझ्याकडं. लाईट सकाळी यायची, संध्याकाळी जायची. मशीन जुनं, तेवढ्या वेळात एक कॅसेट पुरी व्हायची नाही. लाईट गेली की सगळं मुळापासून.

काम चालू असताना पडद्यावर एका छोट्या खिडकीत चित्र दिसायचं, अडखळत, अगदी हळू. अक्षतांचा हात वर गेला की खाली यायला वेळ लागायचा. आवाज नाही. ऊन नको म्हणून मी दार लावून घेतलेलं असायचं. वऱ्हाडामागं दगडमातीच्या भिंती दिसायच्या. पुढं पडायच्या त्याच भिंतींना टेकून बाया हसत होत्या. हसू ओठांवर यायला आणि जायला इतका वेळ घ्यायचं की मला मान फिरवावी वाटायची.

मांडवाच्या खांबापाशी एक पोरगी उभी होती. फुलाफुलांचा फ्रॉक, केस मोकळे. सगळे नवरा-नवरीकडं बघत होते, ती कॅमेऱ्याकडं. पहिली पुरी होईना म्हणून यांनी दुसरी कॅसेट लावून बघितली, तिच्यातही ती तिथंच, तशीच. तिसरीत पहिल्या लग्नातली नवरी कडेवर लेकरू घेऊन आली होती, दुसरं पदराला धरून चालत होतं. पोरगी मात्र तेवढीच होती. फ्रॉकही तोच.

मी यांना सांगितलं.

"बहिणी असतील," हे म्हणाले. "कापडाच्या एका थानातून तिघींचे फ्रॉक शिवले असतील. तू काय दिवसभर तेच बघून राहिली का?"

"मशीनजवळ बस म्हणलात, बसले. डोळे कुठं ठेवू?"

हे पडद्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "ही खिडकीच नडतीय. तुला दाखवण्यातच मशीनची निम्मी ताकद जाऊन राहिली." त्यांनी खिडकी बंद केली, मागं चालू असलेलं सगळं बंद केलं, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून टेबलफॅन लावला. चित्र गेलं. काम किती झालं ते दाखवणारी नुसती एक निळी पट्टी सरकू लागली, आणि त्या दिवशी लाईट जायच्या आधी कॅसेट पुरी झाली.

खिडकी उघडायला एक बटण पुरं होतं, आणि मला ते येत होतं. पण उघडली की पट्टी रेंगाळणार, लाईट जाणार, दादाच्या पोरीची जागा जाणार. मी मशीनकडं पाठ करून बसायची. पाठीमागं पंखा घरघरत असायचा, आणि मला सारखं वाटायचं की मी बघत नाही हे तिला कळलंय. एकदा पडद्यावर कापड टाकलं. मग कापडाकडंच बघत बसले, म्हणून काढलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी मामा आले. त्यांनी एक सीडी लावून बघितली. एकेका माणसावर बोट ठेवत नाव घेत होते, कोण गेलं, कोण राहिलं. खांबापाशी बोट थांबलं.

"ही कोन?" त्यांनी मलाच विचारलं.

"तुमच्याच गावची ना, मामा?"

"न्हाई. आमच्या गावातलं लेकरू अन् लेकरू मला ठावं हाय." ते पडद्याजवळ वाकले. "पावण्याची असंल."

मी बघितलेल्या सगळ्या कॅसेटींत ती आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी सीड्या मोजून मामांपुढं ठेवल्या. खिडकी बंद केल्यावरच्या कॅसेटींत ती होती का, मला माहीत नाही. मामांनी पैसे मोजून दिले आणि पेटी उचलून नेली.

दुसऱ्या दिवशी दादा पोरीला घेऊन पहिल्या गाडीनं आला. चहा घेताना त्यानं विचारलं, "लई आजारल्यासारखी दिसायलीस, झोप न्हाई का?" मी "हाव" म्हणाले आणि नोटा त्याच्या हातात ठेवल्या. त्यानं अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या. पुऱ्या होत्या. पोरीला घेऊन तो तसाच क्लासच्या ऑफिसात गेला. दादाचं देणं फिटलं. खांबापाशी उभ्या पोरीचं माझ्याकडं राहिलं.