कुरड्यांच्या दिवशीचं मतदान

थोरल्या भावाला पक्षानं महापालिकेचं तिकीट दिलं, तेव्हा त्यानं महाल भागातलं सायकलचं दुकान सरळ मित्राच्या हवाली केलं. पडला तर कोणत्या तोंडानं परत पंक्चर काढायला बसेल, हीच मला काळजी होती.

पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मी म्हटलं, आधी आपली गल्ली फिर. तो हसला.

"घरचे कुठी जातात वं? त्याइच्यासाठी चपला काहून झिजवू? रेल्वे क्वार्टरातल्या लोकांचं अजून ठरलं नाही, त्याइले धरतो."

"बोलावलं नाही तर सख्खी आत्याही लग्नाले येत नाही, भाऊ."

पण ऐकेल तो आमचा भाऊ कसला! रोज रेल्वे क्वार्टरात जायचा, चहा प्यायचा, नळाच्या तक्रारी ऐकायचा. खोटं कशाला बोलू, तिथली माणसं त्यानं खरोखर जोडली. आमच्या गल्लीत मात्र प्रचाराचा भोंगासुद्धा फिरकला नाही. मतदानाच्या तीन दिवस आधी घरात गहू भिजत पडलेले पाहून मी त्याला सावध केलं, की कुरड्या नेमक्या मतदानाच्या दिवशीच येणार. तो म्हणाला, होऊ दे कुरोड्या, मले आवडतात.

मतदानाच्या दिवशी शाळेपुढे क्वार्टरवाले इस्त्रीच्या कपड्यांत रांग लावून उभे. आमच्या गल्लीतले पुरुष येऊन गेले, बाई एक नाही. भावाचा चेहरा उतरला आणि त्यानं मला पिटाळलं.

फार शोधावं लागलं नाही. आमच्याच गच्चीवर गल्लीतल्या साऱ्या बाया जमल्या होत्या. मधोमध चिकाचं पातेलं, आणि सोऱ्या घेऊन आई.

"माय, मतदान सुरू आहे अन् तू कुरोड्या करून राहिली?"

"कोणाचं मतदान वं? आमच्याकडं तर कोणी मत मागाले आलं नाही."

बाया पदराआड हसल्या. कुरड्या काही आयत्या वेळी होत नाहीत. हा रुसवा गव्हाबरोबरच भिजत घातलेला होता. मी तशीच परत गेले आणि भावाला घेऊन आले.

"माय, तू तर आपलीच आहेस!"

"म्हणून इचारायचंच नाही का गा?"

भर उन्हात तो लालबुंद होऊन उभा राहिला. मला त्याची कीव आली, आणि बरंही वाटलं, दोन्ही खरं. मग त्यानं हात जोडले. आधी आईला, मग काकूला, मामीला, शेजारच्या वहिनीला, एकीलाही न वगळता.

आईनं सोऱ्या त्याच्या हातात दिला. "चीक थंडा झाला तर वाया जाईन. आमी येतपर्यंत तू दाब."

पक्षाचा उमेदवार पांढऱ्या कुडत्यात कुरड्या घालत बसला आणि गल्ली शाळेकडे निघाली.

भाऊ निवडून आला. क्वार्टरानं आणलं असं तो म्हणतो, गल्लीनं आणलं असं मी म्हणते, आणि मी माघार घेणार नाही.

त्या दिवशी आई बोटाला शाई लावून परतली, तेव्हा त्यानं घाईनं विचारलं, "माय, मत मलेच दिलं ना?"

"तू मागितलं, मी देऊन आली. कोणाले दिलं, ते इचाराचं नाही."

तिनं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत भाऊ सगळ्यात आधी तिच्यापुढे हात जोडून उभा राहायचा, आणि आई दर वेळी म्हणायची, "पाहू."