नेमिनाथ मगदूम माईकवर जे बोलले

नेमिनाथ मगदूम बारा वर्षं जिल्ह्याच्या फुटबॉल संघात बचावाला खेळले. गुडघा गेला तसा खेळ सुटला आणि ते कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर लागले. पन्नाशीत सांगलीच्या एका केबल चॅनेलनं त्यांना सामन्यांवर बोलायला बोलावलं. माणूस अबोल, पण खेळाडूच्या पायांकडं बघून त्याच्या मनातलं ओळखणारा. गल्लीतले लोक 'तज्ज्ञसाहेब' म्हणून चिडवायचे. ते त्यांना आतून आवडायचं.

त्या रविवारी उपांत्य सामन्यात कृष्णाकाठ संघ मागं पडला होता. कर्णधार धैर्यशील चोवीस वर्षांचा, सगळ्या गावाचा लाडका. नेमिनाथ माईकवर म्हणाले, "धैर्यशील धावत नाही, त्याला बाहेर काढा. पाच पावलं पळतो आणि कमरेवर हात ठेवून थांबतो. हे दमणं साधं नाही. डॉक्टरला दाखवा."

संघ हरला. कुणीतरी त्यातलं पहिलंच वाक्य कापून मोबाइलवर फिरवलं.

सोमवारी चहाच्या सुट्टीत नेमिनाथनी त्या क्लिपखालचे शेरे वाचले. "ह्यानं आयुष्यात किती गोल मारले?" "खेळाडू चांगला होता, टीव्हीवर बसला आणि अक्कल गेली." एकानं बाजू घेतली होती, "माणूस खरं बोलतोय गड्या." त्याच्यावर चाळीस जण तुटून पडले होते. आणि सगळ्यात शेवटी एक फोटो. नेमिनाथची निळी स्कूटर, नंबरासकट, मागं कारखान्याचं फाटक. खाली लिहिलं होतं, "सुटायची वेळ साडेपाच."

सुट्टी संपल्यावर त्यांनी मशीन सुरूच केलं नाही.

संध्याकाळी ते मुद्दाम उशिरा निघाले. नाक्यापासून दोन मोटारसायकली मागं लागल्या. नेमिनाथनी स्कूटर वळवली तशी त्यांनीही वळवली. नेमिनाथ एका लाकडाच्या वखारीत घुसले. गाड्या सरळ निघून गेल्या. घरी जाणारे कामगार होते. तरी स्कूटर पुन्हा सुरू करायला त्यांना दहा मिनिटं लागली.

"पोलिसात जाऊया," बायको गुणमाला म्हणाली.

"काय सांगू? फोटो काढला म्हणून?"

कॉलेजला जाणाऱ्या ब्राह्मीला त्यांनी स्कूटरला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. लेक जाताना दोनदा मागं वळून बघत गेली. ते बघून त्यांना जास्तच भीती वाटली.

गुरुवारी ते कामावर गेलेच नाहीत. अकराच्या सुमारास दारात दोन मोटारसायकली थांबल्या. खिडकीच्या फटीतून तिघं तरुण उतरताना दिसले, तोंडं दिसली नाहीत. नेमिनाथनी कडी घातली, गुणमालेला मागच्या खोलीत ढकललं आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

"आवं, दार उगडा," बाहेरून बाईचा आवाज आला. "मी बयाबाई, धैर्यशीलची आई."

त्यांनी दार बोटभर उघडलं. नऊवारीतली एक बाई, तिच्यामागं धैर्यशील, आणि त्याचे दोन मित्र फाटकाशीच थांबलेले.

"तुमी बोललासा तवा मी टीव्हीम्होरंच हुते," बयाबाई म्हणाली. "ह्यो घरचा जिना चढताना बी थांबायचा. इचारलं की म्हणायचा, कायबी न्हाई. मग मीच दवाखान्यात वडून न्हेला."

धैर्यशील खाली बघत म्हणाला, "काळजाचा व्हॉल्व खराब हाय, काका. आपरेशन सांगितलंय. खेळ बंद."

नेमिनाथनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला आत बसवलं. पाणी दिलं आणि विचारलं, "लोकांना सांगशील?"

त्यानं तिथंच बसून मोबाइलवर सगळं सांगितलं. दुपारपर्यंत स्कूटरचा फोटो गायब झाला. काहींनी माफी मागितली. काहींनी लिहिलं, "म्हाताऱ्याचीच नजर लागली." धैर्यशीलचं ऑपरेशन पुढं नीट पार पडलं, तरी ते लिहिणारे लिहीतच राहिले.

अंतिम सामन्याला नेमिनाथ गेले. गुणमालेनं अडवलं नाही, फक्त पोचल्यावर फोन करा म्हणाली. एका संघाचा बचावपटू लंगडत होता. नेमिनाथनी गॅलरीकडं एकदा बघितलं आणि दिसलं ते माईकवर सांगितलं. सामना संपल्यावर मैदान रिकामं होईपर्यंत ते खुर्चीतून उठले नाहीत.