गुरुवारची बदली

बदलीमामा कुजबुजले तरी अंजूरच्या खाडीवरचे बगळे उडायचे. चाळीस वर्षं कापडाच्या लूमच्या खडखडाटात काढलेला माणूस. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एकदा त्यांनी आमच्या गल्लीत "चहा सांग" म्हटलं, तर कल्याण नाक्यावरच्या टपरीवाल्याने आधण ठेवलं. मी वाढवून सांगतो असं लोक म्हणतात. बरोबरच म्हणतात. पण मामा ज्या कामासाठी घरोघरी हवे असायचे, ते काम ते तोंडातून चकार शब्द न काढता करायचे, हे मात्र जसंच्या तसं खरं आहे.

माझे थोरले भाऊ अण्णा, तेही लूमवरचेच. आईबापांमागे त्यांनीच मला वाढवलं. त्यांनी लग्न केलं नाही, माझी बायको गेली, आणि घरात आम्ही दोघे उरलो. मग अण्णांना विसरण्याचा आजार लागला. डॉक्टरांनी कागदावर डिमेन्शिया लिहून दिलं. आधी माझं नाव गेलं, मग जेवलो की नाही ते. शेवटी उरली ती फक्त ड्युटी. दुपारी जेवायच्या आधीच अण्णा लोखंडी कपाटासमोर उभे राहायचे आणि तुटलेला धागा सांधावा तशी बोटं हवेत फिरवायचे. पाय सुजून भोपळे. बसवलं की उठायचे, ताट दिलं की ढकलायचे. मी सांगायचो, अण्णा, कारखाना कधीच बंद झाला, लूम भंगारात गेले. ते रडायचे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तेच सांगायचो, आणि ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे पुन्हा रडायचे.

टपरीवर मात्र मी हेच रंगवून सांगे. अण्णा कपाटातून रोज शंभर वार कापड काढतात, अख्ख्या गल्लीच्या लुंग्या त्यातच निघतात. लोक पोट धरून हसत. घरी कोणी येत नसे. एके दिवशी कोपऱ्यातला एक म्हातारा हसला नाही. उठून माझ्याजवळ आला आणि सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं विचारलं, "तुला बदली कोन देतं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

"मंग गुरुवारी येतो."

आले. बदलीमामांनी चपला काढल्या, बाह्या दुमडल्या आणि कपाटासमोरच्या अण्णांच्या मागे जाऊन त्यांच्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. बस. अण्णांनी वळून पाहिलं, मान डोलावली, पंच्याला हात पुसले आणि पाटावर येऊन बसले. पोटभर जेवले. तोवर मामा कपाटासमोर उभे.

चालत्या लूमपुढे बोललेलं ऐकू येत नाही. बदली, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, खांद्यावर दोनदा थोपटतो, तेव्हाच आधीच्याने जागा सोडायची. अण्णा दोन वर्षं बदलीची वाट बघत उभे होते, आणि मी त्यांना कारखाना बुडाल्याची बातमी देत होतो. त्या दिवसापासून रोज मीच थोपटायला लागलो. अण्णा रोज जेवले.

पण मामांचं काम तिथे संपलं नव्हतं. त्यांनी वळून माझ्या खांद्यावरही दोनदा थोपटलं. मी पिशवी उचलली. बाहेर जातोच आहे तर भाजी आणावी. मामांनी ती हातातून काढून घेतली. "पिशवी घेतली म्हंजे ड्युटीच झाली. सातपर्यंत तोंड दाखवू नको."

कुठे जावं ते सुचेना. वज्रेश्वरीची बस दिसली, बसलो. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडले. आजूबाजूला पाच-पन्नास माणसं होती. मी एकालाही गोष्ट सांगितली नाही.

मामांची अशी पाच घरं होती, प्रत्येकाचा वार ठरलेला. हे कशासाठी, असं मी एकदा विचारलं. तेव्हा हा माणूस आयुष्यात एकदाच हळू बोलला. "माझी बायको सात वर्सं अशीच होती. मला बदली आली न्हाय."

अण्णा गेले त्यानंतरच्या गुरुवारी, का कोण जाणे, मी स्वतःच कपाटासमोर उभा होतो. खांद्यावर दोनदा थोपटल्यासारखं झालं. मामा. त्यांनी मला पाटावर बसवलं, वाढलं. पुढेही येतच राहिले. आता घरात आजारी कोण आहे, म्हटलं, तर म्हणाले, "गुरुवार तुझा हाय."

परवाच्या सोमवारी मामा गेले. जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. अंगणात मी धरून चार घरांची माणसं उभी होती, आणि कोणी कोणाला ओळखत नव्हतं. ओळखणार कसे? आम्ही घराबाहेर पडायचो ते मामा आत असतानाच, एकेकटे. माझ्याखेरीज जो तो शेजाऱ्यांना हातापाया पडून तासाभरासाठी आलेला, घड्याळ बघत होता. पाचव्या घरची, शेलारची सून तेवढी आली नव्हती. तिला बदली देणारा तर तिरडीवर होता.

उचलायच्या आधी मी वाकलो आणि मामांच्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. मान डोलावली असं सांगायचा मोह होतोय. नाही डोलावली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, शेलारचा वार. मी पत्ता विचारत गेलो. दार त्या सुनेने उघडलं. रडून डोळे सुजलेले, हातात पिशवी. म्हणाली, "काका, मला मामांना शेवटचं बघायलापन जाता आलं न्हाय." आत तिची सासू भिंतीकडे तोंड करून उभी होती.

सांगण्यासारख्या माझ्याकडे हजार गोष्टी होत्या. मी चपला काढल्या, तिच्या हातातली पिशवी घेऊन खुंटीला लावली, आणि म्हणालो, "सातपर्यंत येऊ नको. मी बदली आलोय."