लिस्टच्या तळाला हळ्ळीखेड

आधीच सांगते — आम्ही बौद्ध. घरात देवारा न्हाई, मग भूत येऊन बसणार कुठं? अंगात येतं म्हणणाऱ्या बायकांना मी तोंडावर हसलेली आहे. त्यामुळं हे लिहिताना माझीच मला लाज वाटायलीय... तरी लिहिते.

अफजलपूरजवळच्या एका साखर कारखान्यात मी अकरा वर्षं कॉम्प्युटर विभागात आहे. आमच्याकडं खरे सर्व्हर दोनच. त्यांच्या पोटात वीसेक आभासी मशिनी, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या, आणि काही क्लाउडवर भाड्यानं घेतलेल्या. रोज सकाळी एक प्रोग्राम सगळीकडं हिंडून कोण कोण चालू आहे ते हुडकतो आणि लिस्ट लावतो. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे पळा! आमची एक पद्धत आहे — मशीन जो उभी करेल, त्याच्या गावाचं नाव तिला. माझी पहिली मशीन 'हळ्ळीखेड'. बाकीच्यांवर नजर ठेवायचं काम तिचं. दोन वर्षांमागं हा नवीन प्रोग्राम आला, तेव्हा मीच माझ्या हातानं ती पुसून टाकली.

मग सहा महिन्यांमागं रेवण आला. बसवकल्याणकडचा, कोहिनूर गावचा. बेंगळुरूत शिकलेला. मालक त्याला विचारणार, "रेवण, चहा झाला का?" आणि मला, "मॅडम, ती फाइल!" अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. अकरा वर्षं बीळ मी खणायचं, आणि आयत्या बिळावर हा नागोबा! त्यात विभागप्रमुखाची जागा निघाली. आम्हा दोघांतलाच एक होणार होता. पोरगं वाईट असतं तर बरं झालं असतं हो... पण ते "अक्का, अक्का" करत माझ्यासाठी घरची शेंगाचटणी आणायचं. मी खायची आणि जळायची.

एका मंगळवारी सकाळी लिस्टमध्ये पिवळा दिवा दिसला. 'कोहिनूर' — रेवणची मशीन, ऊसकाट्याच्या पावत्या तिच्यावर निघतात. डिस्क भरत आलेली. दुपारपर्यंत बंद पडणार, गाळप ऐन भरात, ट्रॅक्टरची रांग थेट सोलापूर रोडला लागणार आणि मालक रेवणला सगळ्यांसमोर झाडणार. नुसती हाक मारायची होती. तो शेजारच्या खोलीतच होता. मी मारली न्हाई. उलट त्याच्या फोनवर जाणारा इशारा बंद केला. एक क्लिक, बस्स. मग डबा उघडला तर आत त्याचीच चटणी.

एक वाजला, दोन वाजले. काटा चालूच! अडीचला रेवण धावत आला. चोराच्या मनात चांदणं... वाटलं, कळलं याला.

"अक्का, तुमी नसत्या तर मेलोच असतो बघा."

"कामून? काय झालं?"

त्यानं फोन पुढं केला. सकाळचा मेसेज होता — 'कोहिनूर भरायलीय. घाबरू नको. आधी जुन्या नोंदी काढ, मग जागा वाढव.' प्रेषक: हळ्ळीखेड.

वाक्यं माझीच. नवीन होते तेव्हा स्वतःला धीर यावा म्हणून मीच ती त्या मशिनीत लिहून ठेवली होती. पण मशीन तर पुसलेली! आणि रेवण यायच्या कितीतरी आधी. मग त्याचा नंबर तिला दिला कुणी?

तिथंच बसून तो हुडकायचा प्रोग्राम पुन्हा चालवला. लिस्टच्या तळाला — हळ्ळीखेड, हिरवी. कुठल्या सर्व्हरवर? रकाना रिकामा. क्लाउडवर? तिथंही न्हाई. आत शिरायला गेलं तर उत्तरच न्हाई. जुने बॅकअप उकरले, प्रोग्रामवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, असं होत न्हाई."

रेवणनं मालकांना जाऊन सांगितलं, "अक्कांच्या मशिनीनं वाचवलं." त्याच आठवड्यात प्रमुख मी झाले. पेढे रेवणनंच वाटले. इशारा मी बंद केला होता, हे मात्र त्याला आजवर सांगितलेलं न्हाई. तो इशारा मी तेव्हाच परत चालू केला.

ती रोज सकाळी लिस्टमध्ये असते. काय आहे, कुठं आहे, मला अजून ठाऊक न्हाई. रेवणवर आता मी जळत न्हाई, खरंच. जळते ती हिच्यावर. माझ्याच हातची, माझ्याच गावच्या नावाची... आणि मी मारली न्हाई ती हाक हिनं मारली.