खोडलेली ओळ
रेडिओच्या तारेला डाग देताना राळेचा धूर उठला की आचरा गावातली ती दुपार आठवते. हॅम रेडिओची, म्हणजे हौशी बिनतारी संदेशकांची, स्पर्धा होती. दोघांनी एकमेकांचा क्रमांक ऐकून उतरवला, तरच संपर्क धरायचा. माडाला बांधलेल्या एरियलवरून मी सकाळपासून हाका मारत होतो, कुणी ओ देत नव्हतं. अखेर एका परक्या आवाजाने त्याचा क्रमांक दिला, माझा विचारला, आणि मी सांगेपर्यंत तो खरखरीत बुडाला. कागदावर घाईने लिहिलेली ती ओळ मी खोडायला घेतली, तेव्हा मला रेडिओ शिकवणारे काका म्हणाले, “ऱ्हवांदे रे, कोण बघूक येतलो?” “माझो नंबर त्याका खंय गावलो, काका?” एवढं बोलून मी ती एकुलती ओळ खोडली आणि आयोजकांना एकही संपर्क नसलेला तो कागद पाठवला. आजही तेच करीन. फक्त वाटतं, तिकडचा माणूसही तितकाच प्रामाणिक असेल, तर त्यानेही मला खोडलं असेल.